सुरी पेराशी हळू होते

तीन आठवडे मी बोलले नाही. मुलीची पहिलीतली पाटी माळ्यावरून काढली होती, तिच्यावर लिहून माझा संसार चालला होता. दूधवाल्यासाठी ‘उद्या एकच लिटर’, आईसाठी ‘बीपीची गोळी?’, मुलगी शाळेतून आली की ‘डबा संपवलास का?’ पाटी लहान असते आणि दर वेळी पुसावी लागते. दोन दिवसांतच लक्षात आलं, की दिवसभरात बोलायलाच हवं असं फार थोडं असतं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अगं, कुजबुजलीस तरी चालेल की.” मी लिहिलं, ‘कुजबुज तर मुळीच नाही.’

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून माझेच स्वरतंतू मला पडद्यावर दाखवले होते. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यांच्यावर समोरासमोर दोन गाठी. तांदळाच्या कणीएवढ्या. शिक्षकांना होतात, फेरीवाल्यांना होतात, गाणाऱ्यांना होतात, असं ते म्हणाले. दोन्ही तंतू जोरानं एकमेकांवर आपटत राहिले की हाताला घट्टे पडावेत तसं तिथं घट्ट होत जातं.

माझा आवाज मुळात खालचा. पेटीवर सांगायचं तर पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी हा माझा सा. आमच्या गाण्याच्या क्लासमधल्या बहुतेक जणी काळी चारमध्ये गातात. पेटीवर हे अंतर दोन बोटांत मावतं, आणि मध्य सप्तकात ते जाणवतही नाही. अभंगाचा अंतरा तार षड्जावर चढतो आणि तिथून गंधाराकडे बघतो, तेव्हा ते जाणवतं. एका मोठ्या कार्यक्रमात सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या पट्टीत, मला पुढे बसून गायचं होतं. बाईंनी दोनदा सांगितलं, “पट्टी उतरव गं. तुझा आवाज तिथं राहत नाही, पाहुणा म्हणून जातो.” मला त्यात फक्त ‘तुला जमणार नाही’ एवढंच ऐकू आलं. आठ महिने मी पहाटे पाचला उठून तो गंधार ओढून आणत राहिले. सहाव्या महिन्यापासून सकाळी घसा बसलेला असायचा. ज्येष्ठमध चघळला, गरम पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. कार्यक्रम झाला, लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

त्या तीन आठवड्यांत भावाच्या कपाटातून च्वांगत्झू या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हाती लागलं. दादानं ते कधीतरी रद्दीच्या दुकानातून आणलं होतं. तिसऱ्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. वाक्य असं आहे: माझ्या आयुष्याला काठ आहे, आणि जाणण्यासारखं जे आहे त्याला काठ नाही, काठ असलेल्यानं काठ नसलेल्याच्या मागे धावणं धोक्याचं. तिथलं मूळ चिनी अक्षर पाण्याच्या काठाचंच आहे, हे मला नंतर कळलं. मर्यादा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कुंपण येत असे. काठ ही वेगळीच गोष्ट आहे. काठ असतात म्हणून तर नदीला नदी म्हणायचं.

च्वांगत्झू इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, सुंग नावाच्या छोट्या राज्यातला. लाखेच्या झाडांच्या एका बागेवर तो किरकोळ अधिकारी होता, असं सिमा छियान हा इतिहासकार लिहितो. चीनमध्ये तो काळ सततच्या लढायांचा. सात मोठी राज्यं एकमेकांना गिळायला बसलेली, आणि प्रत्येक राजाला आहे त्याहून जास्त मुलूख, जास्त धान्य, जास्त सैनिक हवेत. आपल्या ताकदीचा काठ ओळखा, असं सांगणारी इतकी माणसं नेमकी त्याच काळात एकामागून एक का उगवली असतील, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

त्याच तिसऱ्या प्रकरणात डिंग नावाच्या आचाऱ्याची गोष्ट आहे. वेनहुई नावाच्या राजाच्या मुदपाकखान्यात तो बैल कापतोय. हात लागतो, खांदा टेकतो, पाय रोवतो, गुडघा दाबतो, आणि सुरीचा सर्र सर्र आवाज इतका तालात येतो की जुन्या राजांच्या काळातलं एखादं नृत्य चालू आहे असं वाटावं. राजा थक्क होऊन विचारतो, कसब इतकं कसं पोचलं? डिंग सुरी खाली ठेवतो आणि सांगतो: सुरुवातीला मला समोर नुसता बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. आता मी डोळ्यांनी बघतच नाही. चांगला आचारी वर्षाला सुरी बदलतो, कारण तो कापतो. सामान्य आचारी महिन्याला बदलतो, कारण तो तोडतो. माझ्या या सुरीला १९ वर्षं झाली, हजारो बैल झाले, आणि धार आत्ता सहाणेवरून उतरल्यासारखी आहे. सांध्यांच्या मध्ये फट असते. सुरीच्या धारेला जाडी नसते. जाडी नसलेली गोष्ट फटीत शिरली की तिला हिंडाफिरायला हवी तेवढी जागा मिळते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथं थांबतात आणि कौशल्याबद्दल बोलू लागतात. मला पुढचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. डिंग म्हणतो, तरीसुद्धा जिथं शिरा आणि स्नायू गुंतलेले असतात अशी गाठ आली की मी सावध होतो. नजर स्थिर करतो. हात हळू करतो. सुरी अगदी जराशी हलवतो.

गाठ. पाटी मांडीवर ठेवून मी हे वाचत होते आणि माझ्या घशात दोन गाठी होत्या. १९ वर्षं मुरलेला, डोळे मिटून बैल सोडवणारा माणूस गाठीपाशी जोर वाढवत नाही, वेग कमी करतो. मी नेमकं उलटं केलं होतं. जिथं आवाज अडत होता तिथंच मी सगळा श्वास लोटत होते. मी महिन्याला सुरी बदलणारी होते, फक्त मला दुसरी सुरी मिळणार नव्हती.

डिंगचं बोलणं संपल्यावर राजा म्हणतो, ‘आयुष्य जपावं कसं ते मला आज कळलं.’ हा वेनहुई म्हणजे वेई राज्याचा हुई राजा, असं जुने टीकाकार सांगतात. ते खरं धरलं तर गोष्ट आणखी खोल जाते, कारण हा राजा मेन्शियस या कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या विचारवंताच्या ग्रंथातही भेटतो, आणि तिथं तो स्वतःच्या तोंडानं आपला हिशेब मांडतो: पूर्वेला छी राज्याकडून हरलो, माझा थोरला मुलगा तिथं गेला, पश्चिमेला छिन राज्यानं ७०० ली (ली हे अंतराचं चिनी माप) मुलूख घेतला, दक्षिणेला छू राज्याकडून अपमान झाला. एवढं होऊनही मेन्शियसकडे तो मागतो काय, तर मेलेल्यांचा सूड कसा उगवू याचा सल्ला. झेपत नसताना लोटत राहणाऱ्या माणसाला एक स्वयंपाकघरातला नोकर सुरी कशी वाचवायची ते सांगतोय. राजाला ‘कळलं’ असं च्वांगत्झू लिहितो. इतिहासातल्या हुई राजाला ते कळलं असतं तर, असं वाटत राहतं.

मेन्शियसकडे स्वतःचीही एक गोष्ट आहे, फार छोटी. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला वाटलं, आपली रोपं वाढतच नाहीत. त्यानं दिवसभर शेतात राबून एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं. संध्याकाळी थकून घरी आला आणि म्हणाला, आज फार दमलो बुवा, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला. रोपं सुकली होती.

तो शेतकरी आळशी नव्हता, दुष्टही नव्हता. थकून आला होता बिचारा. आठ महिने पहाटे पाचला उठणारीला हे वाचताना काय झालं असेल ते लिहीत नाही. त्या पानावर मी बोट ठेवलं आणि आईला दाखवलं. आईनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “मुलांचंही आपण असंच करतो.”

तिचं खरं होतं, आणि मग मला या सगळ्या गोष्टींत एक समान धागा दिसू लागला. ‘च्वांगत्झू’मध्येच आणखी दोन गोष्टी आहेत. लू राज्याच्या वेशीबाहेर एक समुद्रपक्षी येऊन उतरतो. तिथला राजा त्याला मंदिरात नेऊन मद्य पाजतो, त्याच्यापुढे दरबारी संगीत वाजवतो, बैल, मेंढा, डुक्कर कापून मेजवानी देतो. पक्षी बावरतो, एक घास खात नाही, एक घोट पीत नाही, तीन दिवसांत मरतो. दुसरी गोष्ट हुनदुनची. हुनदुन मध्यभागाचा सम्राट. त्याच्या चेहऱ्याला डोळे, कान, नाक, तोंड काहीच नाही. उत्तर आणि दक्षिण समुद्राचे सम्राट त्याच्याकडे पाहुणे येतात, तो त्यांचं मनापासून करतो. उपकार फेडावेत म्हणून दोघं ठरवतात, सगळ्यांना सात छिद्रं असतात, याला एकही नाही, आपण पाडून देऊ. रोज एक पाडतात. सातव्या दिवशी हुनदुन मरतो.

इथं मारणारे सगळे प्रेमानं मारतात. कुणाच्या निसर्गाच्या पलीकडे त्याला ढकलणारा हात बहुधा जवळच्याचा असतो, आणि माझ्या बाबतीत तो माझा स्वतःचाच होता. आपण स्वतःला पाहुण्यासारखं दरबारी संगीत ऐकवतो आणि हा पक्षी दाणे का टिपत नाही म्हणून चिडतो.

पण मला इथं थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण ती वाचताना मला टोचली आणि अजून टोचते.

‘च्वांगत्झू’च्या आठव्या प्रकरणात म्हटलंय: बदकाचे पाय आखूड असले तरी ते लांबवले तर त्याला यातना होतील, क्रौंचाचे पाय लांब असले तरी ते तोडले तर त्याला दुःख होईल. (हे प्रकरण खुद्द च्वांगत्झूचं नसून नंतरच्या कुणा अनुयायाचं असावं, असं अभ्यासक मानतात.) वाक्य सुंदर आहे. आपल्याकडची ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण त्याच्या शेजारी ठेवून पाहा. आपल्या म्हणीत अंथरूण पक्कं असतं आणि पाय जवळ घ्यायचे असतात. चिनी वाक्यात पाय पक्के असतात. अंथरुणाचा विषयच नाही. लहानपणापासून मी पहिलंच ऐकत आले, त्यामुळे दुसरं वाचताना मोकळं वाटलं.

मग पुढच्या टीकाकारांकडे गेले. ‘च्वांगत्झू’ची ३३ प्रकरणांची आजची प्रत ज्याच्या हातून आपल्यापर्यंत आली, तो कुओ श्यांग इ.स. ३१२ मध्ये वारला. प्रत्येकाचा निसर्ग वेगळा, प्रत्येकजण आपापल्या निसर्गात पूर्ण, हे त्यानं फार बारकाईनं मांडलं. आणि तोच पुढे लिहितो, की नोकराची कुवत असलेल्यानं नोकराच्या जागी समाधान मानलं नाही तर ती चूक. हे वाचलं आणि अंगावर काटा आला. ‘आपली पायरी ओळखून राहावं’ हे वाक्य आपल्याकडे कुणाला आणि कशासाठी ऐकवलं गेलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकणं हे बाईच्या निसर्गातच नाही असं मानणारे पुष्कळ होते. त्यांनाही आपण बदकाचे पाय जपतोय असंच वाटत असणार.

नोकराची जागा हा काही कुणाचा पाय नव्हे. ती दुसऱ्यानं अंथरलेली सतरंजी आहे. कुओ श्यांगसारखा हुशार माणूस इथं घसरला असं मी मानते, आणि च्वांगत्झूच्या नावावर मर्यादेचा उपदेश करणाऱ्या कुणाचंही ऐकताना मी आधी विचारते, करवत कुणाच्या हातात आहे?

कन्फ्युशियसच्या संवादांत याची दुसरी बाजू आहे. रान छिऊ नावाचा शिष्य म्हणतो, गुरुजी, तुमचा मार्ग मला आवडतो, पण माझी ताकद पुरत नाही. कन्फ्युशियस म्हणतो: ज्याची ताकद पुरत नाही तो वाटेत कोसळतो, तू तर आधीच रेघ ओढून बसलायस. किती कठोर आणि किती खरं. निसर्गानं घातलेला काठ आणि आपण भीतीनं ओढलेली रेघ लांबून सारखीच दिसते. चालत गेल्याशिवाय कोणती कुठली ते कळत नाही. डिंगलाही पहिल्या दिवशी फटी दिसल्या नव्हत्या.

मग चालायचं किती? कोसळेपर्यंत? च्वांगत्झूच्या ग्रंथात एक सारथी आहे, तुंगये ची. राजासमोर रथ हाकतो. सरळ गेला की ओळंब्यासारखा सरळ, वळला की कर्कटकानं काढल्यासारखा गोल. राजा खूश होऊन शंभर फेऱ्या मारायला सांगतो. यान ह नावाचा माणूस बाहेरून येतो, एकदा बघतो आणि म्हणतो, याचे घोडे पडणार. राजा काहीच बोलत नाही. थोड्या वेळानं घोडे खरंच पडतात. तुला कसं कळलं? घोड्यांची ताकद संपली होती आणि तो अजून मागतच होता. बस, एवढंच उत्तर.

घोडे पडण्याआधी कुणीतरी बाहेरून बघणारं लागतं. माझ्याकडे बाई होत्या.

आता एका अक्षराविषयी. डिंग सांध्यांना जो शब्द वापरतो तो ‘ज्ये’. त्याच्या डोक्यावर बांबूचं चिन्ह असतं, कारण मूळ अर्थ बांबूचं पेर, दोन कांड्यांमधली गाठ. त्याच अक्षरावरून शरीराचा सांधा, वर्षाचे २४ ऋतुबिंदू, सण, संयम, आणि संगीतातला ठेका हे सगळं आलेलं आहे. ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथातल्या ६४ आकृत्यांपैकी ६०वीचं नावही हेच. सरोवरावर पाणी, आणि मर्यादा हा विषय. तिथं लगेच ताकीदही आहे, की कडू मर्यादा चिकाटीनं चालवू नये. संयमाचाही काठ असतो, हे तीन हजार वर्षांच्या आसपासच्या त्या परंपरेनं ओळखलं होतं. मला हे फार दयाळू वाटतं.

बांबूला किंवा उसाला पेर असतं तिथं तो संपत नाही. तिथं तो बळकट होतो, आणि पुढचं कांडं तिथूनच निघतं. उसाची लागण करणाऱ्याला विचारा. डोळा पेराशीच असतो. मर्यादेला कुंपण म्हणण्याऐवजी पेर म्हटलं की आयुष्याची आकृती बदलते. निदान माझी बदलली.

लाओत्झू या दुसऱ्या प्राचीन चिनी विचारवंताचं एक वाक्य मी पाटीवर लिहून स्वयंपाकघरात ठेवलं होतं, चवड्यांवर उभा राहणारा स्थिर उभा राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात ते आईनं पुसलं आणि तिथं वाण्याची यादी लिहिली. ते बरंच झालं. पण लाओत्झूचं दुसरं एक सांगायला हवं. १९९३ साली हुबेई प्रांतात कुओत्येन इथल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या, लाओत्झूच्या आजवर मिळालेल्या प्रतींमध्ये सगळ्यांत जुन्या. त्यांत ही ओळ आहे: पुरे कळलं त्याला अपमान नाही, थांबणं कळलं त्याला धोका नाही. ‘थांबणं’ यासाठी असलेलं अक्षर मुळात पावलाचं चित्र आहे. आणि ‘पाऊल टाकणं’ हे अक्षर लिहायचं झालं तर तशी दोन पावलं एकाखाली एक काढतात. चालण्याच्या पोटात थांबणं लिहिलेलं आहे.

तीन आठवड्यांनी मी पहिला शब्द बोलले. त्यानंतर चार महिने व्यायाम. ओठ फुरफुरवायचे, हुंकार द्यायचे, नळीतून पाण्यात बुडबुडे काढत सूर लावायचा. गाठी विरल्या. शस्त्रक्रिया लागली नाही. ‘च्वांगत्झू’मधला शौलिंगचा तरुण हानदानच्या लोकांची चाल शिकायला गेला, ती तर आली नाहीच, स्वतःची चालही विसरला आणि रांगत घरी परतला. मी त्याच्यापेक्षा नशीबवान, मला माझी चाल परत मिळाली. बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, पेटीवर पांढरी चार धरली आणि म्हणाल्या, “खर्ज लाव.” खर्जाचा सा लागला आणि पोटात, पाठीत, बसलेल्या जमिनीत घुमला. काळी चारमध्ये गाणाऱ्या एकीलाही तो तिथं लागत नाही. आठ महिने मी ज्या खोलीत राहत होते तिला तळघर होतं, आणि मी वरच्या झरोक्याशी उड्या मारत होते.

मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा लावायला पाठवला तेव्हा फोनवर त्याचा पहिला प्रश्न, “ताई, पट्टी कोणती?” पट्टी कळल्याशिवाय तो तारही निवडत नाही. मी सांगितली, आणि सांगताना आवाज कचरला नाही.

गंधार अजून आहे. पांढरी चारमध्येही तो वरच आहे, आणि काही दिवशी तो येतो, काही दिवशी येत नाही. आता त्याच्याजवळ आले की मी हळू होते, श्वास अर्धा ठेवते, आणि सूर अगदी जरासा हलवते. तो आज येणार नाही असं कळलं की ऋषभावरून परत फिरते. अंतरा तरीही पूर्ण होतो.

मुलीनं या जूनपासून क्लास लावलाय. काल ओट्याशी उभी राहून ती त्रिताल मोजत होती, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. चार बोटं, प्रत्येकी चार जागा, सोळा मात्रा. अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवायचा आणि सुरू. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली रिकामी जागा, येते तिथं ती दर वेळी घाई करत होती, आणि सम चुकत होती.

“आई, मध्ये हे रिकामं का असतं?”

मी कणकेचा हात तसाच ठेवून तिचा अंगठा धरला आणि मधल्या बोटाच्या पेराशी नेला. “इथं हळू,” म्हटलं. “परत पहिल्यापासून.”